अख्खी गोणी

आमच्या वाशीच्या कॉलनीत मटाराची अख्खी गोणी डोक्यावर घेऊन जिना चढणारी बाई एकच. पदर खोचलेला, मान ताठ, आणि कोणी "धरू का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बाजूला व्हा, तेवढंच बास." आम्ही पोरं तिला गोणीकाकू म्हणायचो. ती साताऱ्याकडची, नवरा एपीएमसी मार्केटात माथाडी.

आधी ही गोणी चौघींची असे. घाऊक बाजारात सुटा माल मिळत नाही, म्हणून काकू आणि शेजारच्या तिघी मिळून गोणी आणत आणि जिन्यात बसून वाटे करत. पुढे तिघींच्या घरी सोफे आले, नवऱ्यांच्या साहेबांचं येणं-जाणं सुरू झालं आणि हमालाच्या बायकोची मैत्री त्यांना खुपू लागली. एका सकाळी काकू पिशवी घेऊन खाली आली, तर तिघी तिला न सांगता रिक्षाने निघून गेल्या होत्या. ती बराच वेळ गेटपाशी उभी होती. रडली असेल तर घरात जाऊन.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच गेली आणि अख्खी गोणी घेऊन आली. बाकावर बसलेल्या तिघींपैकी एकीने विचारलंच, "एकटी काय करणार एवढ्याचं?"

"खाईन, वाळवीन, पोरांस्नी वाटीन. पन वाटा मागाया येनार न्हाय."

मी तेव्हा आठवीत होते. सोसायटीच्या पूजेला नाच बसवला होता, त्यातून मैत्रिणींनी मला काढलं. मी फार उंच, रांग बिघडते म्हणे! काकूकडे मटार सोलता सोलता मला रडूच फुटलं.

"रांग त्येंची. बिघडली तर त्येंची बिघडंल. बसफुगडी येती का तुला?"

उकिडवं बसून, पाय आलटून पालटून पुढे फेकत घालायची ही फुगडी. तिला जोडीदार लागत नाही. पन्नाशीच्या काकूने शेंगा बाजूला सारल्या आणि तिथेच घालून दाखवली. खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर आले.

मी बसफुगडीसाठी वेगळं नाव दिलं. पूजेच्या दिवशी स्टेजवर मी एकटी. दोन उड्या मारल्या आणि धपकन बसले. हशा पिकला, त्यात मैत्रिणींचे आवाज मला बरोबर ओळखू आले. तेवढ्यात खालून काकू गरजली, "बसली तर बसली! घाल परत!" मग माझे लांब पाय असे काही सुटले की हसणारे टाळ्यांचा ठेका धरू लागले. स्वतःचे पाय मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडले.

पुढे काकांची पाठ गेली आणि ती दोघं गावी निघाली. टेम्पोत सामान चढत असताना तिघी आल्या. एक चाचरत म्हणाली, "राग नाही ना आमच्यावर?"

"राग कशाला? तुमी सोडलं नसतं तर मला कळलं असतं व्हय, गोनी एकटीला पेलती ते?"

मी नमस्काराला वाकले, तर तिने दंडाला धरून मला सरळ उभं केलं.

"वाकू नगंस. उंच हाईस, तशीच ऱ्हा."