तोंड उघडण्यापुरता दोरा

वडील मला पहिल्यांदा चावले तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. रागाने चावले असं नाही. मी ब्रश घेऊन त्यांच्या तोंडात शिरलो होतो आणि त्यांच्या लेखी मी कोणी परका होतो. परक्याचं बोट तोंडात आलं तर कोणीही चावेल. पण दुखलं खूप, आणि दुखण्यापेक्षा राग जास्त आला. बेसिनपाशी बोटावर पाणी सोडत मी त्यांना नको नको ते बोललो. ते आरशात बघून हसत होते.

आमच्यात वडिलांना नायना म्हणतात. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. नायनांचं सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर गेलं. म्हातारपणी विसरण्याचा आजार लागला, त्यात आधी रस्ते गेले, मग माणसं, मग शब्द. दात मात्र सगळे जागेवर होते आणि मला त्याचं कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो की म्हातारा अजून कडक भाकरी फोडून खातो.

ते कौतुक फार टिकलं नाही. रोजच्या औषधांनी त्यांच्या तोंडाला कोरड पडायची. ब्रश लावू द्यायचे नाहीत. त्यात दुपारी ते दाराशी जाऊन ओरडायला लागायचे, आणि त्यावर माझ्या बायकोला सापडलेला उपाय म्हणजे लिमलेटची गोळी. गोळी गालात गेली की गप्प बसायचे. मीही द्यायचो, कारण घरात शांतता हवीच होती. व्हायचं तेच झालं. हिरड्यांच्या कडेला, दातांच्या मुळाशी, पिवळट तपकिरी खड्डे दिसायला लागले. भाकरी सुटली, आमटीत कुस्करूनही नको झाली. मग ते स्वतःच्या उजव्या गालावर चापट्या मारायला लागले. कुठे दुखतंय विचारलं की गुडघा दाखवायचे, कधी खिडकी दाखवायचे.

गल्लीच्या कोपऱ्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना आहे. तिथली खुर्ची मागे झुकली तसे नायना जे उठले ते थेट रस्त्यावर. शेवटी बाईच पिशवी घेऊन दुपारी घरी आल्या. लांबूनच बॅटरीने जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

"मागची दाढ खोलवर गेलीय, काका. ती काढायची तर पूर्ण भूल द्यावी लागेल. जागेपणी हे बसणार नाहीत. आणि यांचे हृदयाचे डॉक्टर भूल नको म्हणतात."

"मग काय करायचं?"

"जितकं कमी छेडता येईल तितकं छेडायचं. मशीन नाही, सुई नाही. हे एक औषध असतं, किडलेली जागा कापसाने कोरडी करून त्यावर नुसतं टेकवायचं. कीड बहुतेक तिथंच थांबते. दात तेवढा काळा पडतो."

"पडू दे की काळा," बायको म्हणाली. "कोण बघायलंय आता."

"दाढेतला मऊ भाग हातानेच खरवडता आला, तर वर सिमेंट बसवता येईल. दुखणं जाईलच असं नाही म्हणत मी. पण पुढचे दात अजून दुखत नाहीत, ते तरी दाढेच्या वाटेने जायला नकोत. फक्त तोंड उघडायला पाहिजे."

फक्त. मी गोड बोललो, ओरडलो, पाया पडलो, स्वतः तोंड उघडून दाखवलं. नायना ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन तशाच परत गेल्या. माझ्या बापाला दुखतंय, औषध हातभर अंतरावर आहे आणि मधे त्याचेच ओठ आहेत, याला काय म्हणावं मला कळत नव्हतं. एकदा तर मी त्यांचा जबडा धरून जोर लावला. बायकोने माझा हात ओढून काढला, ते बरं झालं.

मग एक दिवस ती त्यांच्या अंगावरच्याच सदऱ्याला बटण लावत होती. टाका संपला आणि ती कात्री शोधायला वळली, तेवढ्यात नायनांनी दोरा उचलला, ओठ मागे घेतले, दोरा पुढच्या दातावर ठेवला आणि टक्कन तोडला. त्यांच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच आहे. मागावरच्या जुन्या माणसांच्या दातांना असते ती. चालू कामात कात्री शोधायला वेळ कोणाला असतो? तोडल्यावर त्यांनी दोऱ्याचं दुसरं टोक दातांत धरलं आणि बोटांनी गाठ मारायला घेतली. गाठ बसेपर्यंत ओठ उघडेच होते.

पुढच्या खेपेला मी जाड सुताची लडी तयार ठेवली. नायनांच्या हातात सूत दिलं, त्यांनी दातांत धरलं, ओठ मागे गेले. डॉक्टरीणबाईंनी कापूस लावला, इवल्याशा ब्रशने औषध टेकवलं. सूत तुटलं की मी पुढचं द्यायचो. वरचे झाले, खालचे झाले. मला इतका आनंद झाला होता की मी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

तेवढ्यात नायना उठले. गाठ बसली होती, आता माग सुरू करायचा होता. उजवा हात दांडा शोधत हवेत फिरला. मग कपाटावर, मग भिंतीवर.

"माग का बंद आहे?" त्यांनी तेलुगूत विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून पुरतं वाक्य आलं नव्हतं. "मालक येतील. कोणी बंद केला?"

ते खोलीभर फिरले, रडले, मी हात धरला तर माझ्या पाया पडायला वाकले. मला कामावरून काढू नका म्हणाले. मी तुमचा मुलगा आहे, कारखाना कधीच सुटला, असं मी सांगत राहिलो आणि प्रत्येक वाक्यागणिक ते जास्त घाबरत गेले. चहा कोणी प्यायला नाही.

"परत नको बाई तो दोरा," बायको म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. पण हे औषध पुन्हा लावावं लागतं, नाही तर थांबलेली कीड परत चालू होते. आणि दाढेपर्यंत दोऱ्याची पोच नव्हतीच. पुढचे ओठ उघडायचे, पण जबडा मिटलेलाच. दाढ दुखतच होती, चापट्या चालूच होत्या. दाढेचं काही करता येईना म्हणून निदान बाकीचे दात वाचवावेत, एवढंच हातात उरलं होतं, आणि त्यासाठी त्यांना परत त्या बंद मागासमोर उभं करावं लागणार होतं. मी बरेच दिवस टाळलं. मग उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

सगळं तसंच झालं. सूत, ओठ, कापूस, ब्रश. काळ्या पडलेल्या दातांवर पुन्हा औषध लागलं. नायना उठले, हात हवेत फिरला.

"माग का बंद आहे?"

"लाइट गेली, नायना," मी म्हणालो.

त्यांचा हात खाली आला. लाइट गेली तर कोणाचाच दोष नसतो. गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात आणि माणसं जागच्या जागी टेकतात. ते जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावली, चेहरा निवळला. मग मान वर करून छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

मी उठून पंखा बंद केला. बायकोने आत जाऊन तिथलाही बंद केला. डॉक्टरीणबाई पिशवी भरता भरता थांबल्या आणि पदराने वारा घेत आमच्याबरोबर बसून राहिल्या. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. बायकोने मऊ भात कालवून आणला तर नायनांनी ताट बाजूला सारलं आणि उजव्या गालावर तळहात दाबून म्हणाले, "आधी लाइट येऊ दे."