फुटला म्हणू नका

“फुटला म्हणू नका हो, थकला म्हणा.” हे वाक्य सर इतक्या वेळा म्हणत, की आखातातल्या आमच्या वस्तीत, अल मन्सूरात, त्यांच्या पाठीमागे त्यांचं नावच ‘थकला म्हणा’ पडलं होतं. वाक्य संपलं की करक चहाचा कागदी पेला दोन बोटांनी लांब सारायचे. खटला निकालात निघाला.

ही वकिली चालायची एकोणिसाव्या शतकातल्या कॅनडाच्या एका पुढाऱ्यासाठी. सर मूळचे नाशिकचे, पण अल दुहैलच्या ज्या शाळेत ते इतिहास शिकवत, तिथला अभ्यासक्रम कॅनडाचा. त्यात हा गृहस्थ भेटला आणि मानगुटीवर बसला. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात, पुढे स्वतःचं वर्तमानपत्र, मग आपल्या छोट्या प्रांताचा मुख्यमंत्री. तो प्रांत नव्या कॅनडात विलीन व्हायला त्याने कडाडून विरोध केला, थेट लंडनला जाऊन गाऱ्हाणं मांडलं. आणि शेवटी त्याच कॅनडाच्या सरकारात मंत्री झाला.

“म्हणजे फुटलाच की,” आम्ही म्हणायचो. आपल्याकडे ही रोजची बातमी, त्यात नवल ते काय?

शुक्रवारी सकाळी सर आमच्या छोट्या मंडळाचा मराठी वर्ग घेत, एका किराणा दुकानावरच्या खोलीत. माझी मुलगी त्यात होती. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी ही पोर तिथून आली की माझ्याशी मराठीत भांडायची. मला ते भांडण हवंसं वाटायचं.

मग वेस्ट बेच्या साहेब लोकांच्या मोठ्या मंडळाला आमचं मंडळ गिळायची इच्छा झाली. त्याला ते विलीनीकरण म्हणत. सभेत सर उभे राहिले. वर्ग बंद पडेल, एवढंच त्यांचं म्हणणं, पण असे बोलले की मोठ्या मंडळाचे अध्यक्ष मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. आम्ही सगळे सरांच्या मागे होतो.

महिन्याभरात सर त्याच मंडळाचे सांस्कृतिक सल्लागार झाले. वर्गाला चांगला हॉल देतो, असा शब्द मिळाला होता म्हणे. सर गेल्यावर आमच्या बाजूने बोलणार कोण? विलीनीकरण झालं. हॉलमध्ये दोन-तीन शुक्रवार वर्ग भरलाही. मग तिथे लेझीमची तालीम आली, मग फॅशन शो. वर्गाचं विचारलं की अध्यक्ष म्हणत, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. सर स्टेजवर शाल पांघरून बसायचे आणि टाळ्या वाजवायचे. तुम्हीही अशा शाली पाहिल्या असतील. मला त्या शालीचा अजून राग येतो.

एकदा करकच्या दुकानाबाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, “सर, वर्ग खलास झाला. तुम्हालाही थकला म्हणायचं का?”

त्यांनी पेला सारला नाही, हातातच धरून ठेवला.

“नाही. मला फुटला म्हणा. तो लंडनपर्यंत भांडून थकला. मी एका सभेत भाषण केलं.”

त्या उन्हाळ्यात शाळेने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. सर नाशिकला परतले. निरोपाला मंडळाने आणखी एक शाल दिली.

परवा गाडीत बायकोशी बोलताना सरांचा विषय निघाला आणि मी तोच शब्द वापरला. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, “सर फुटले? लाइक, ब्रोकन?”

तिला फुटणं माहीत होतं ते काचेच्या पेल्याचं. दुसरं कोणी शिकवलंच नव्हतं. नाही गं, म्हणून समजवायला गेलो, पण तिला कळेल एवढं मराठी आता तिच्याकडे उरलं नव्हतं. आणि ती चुकली आहे, असंही मला वाटेना.

“येस,” मी म्हणालो.