बाळाजीच्या नारळाचा मान

बाळाजीचे घर बांधले तेव्हा रस्त्यावरून ओटीवर जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. वाडीतून डोंगराकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर पुढे दोनदा डांबर पडले. जुना रस्ता खणून काढण्याची भानगड कुणी केली नाही. थरावर थर चढला आणि ओटीची एकेक पायरी रस्त्याच्या पोटात गेली. आता एकच उरली होती. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला बाळाजी सकाळी तिच्यावर बसून दात घासायचा आणि पालिकेला शिव्या द्यायचा.

अशात डोंगराच्या पायथ्याशी टॉवर येणार अशी बातमी आली. बिल्डरची अट सरळ होती, आधी सिमेंटचा रस्ता, मग टॉवर. पालिकेने हिशेब मांडला. जुना रस्ता खणून पातळी खाली घेतली तर खर्च दीडपट. आहे त्यावरच ओतले तर स्वस्त आणि लवकर. वस्तीतली घरे कर भरतच होती, म्हणून त्यांच्यासाठी खणणे हा खर्च ठरला. टॉवरमधली माणसे अजून कात्रपला भाड्याने राहत होती, पण त्यांचा कर कागदावर आधीच जमा झाला होता, म्हणून त्यांच्यासाठी ओतणे ही गुंतवणूक. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला उभे ठेवायचे आणि समोरून जाणाऱ्याला बोलावून चहा पाजायचा, अशातला हा व्यवहार.

लोकांचे म्हणणे ऐकायला सभा झाली. बाळाजी उठला.

"साहेब, आधी खणा, मग ओता. नाहीतर गटार माझ्या चुलीत येईल."

"काका, साइडने ड्रेनेज देतोय ना," पालिकेचा तरुण इंजिनीअर भूपेश म्हणाला. "तुम्ही डेव्हलपमेंटच्या आड का येताय?"

"मी कुठं आड येतो? मी खाली चाललोय."

सभा हसली. सगळ्या आळीने बाळाजीच्या मागे हरकतीवर सह्या केल्या आणि काम अडले.

या वाडीत गावदेवीच्या जत्रेचा पहिला नारळ बाळाजीच्या घराचा. त्या मानाला एक जुना नियम चिकटलेला होता. ज्याने कामाचा नारळ फोडला, त्याने त्या कामाला पुन्हा नाव ठेवायचे नाही. नियमाचा मोठा राखणदार बाळाजीच. देवळाच्या मंडपाच्या वेळी तो तापाने पडला होता, म्हणून नारळ चुलतभाऊ रघूने फोडला. पुढे मंडपाचा पत्रा गळू लागला. रघू गावकीत तोंड उघडतो तोच बाळाजीने विचारले होते, "नारळ कोणी फोडला? मग खाली बस."

बिल्डरला यातले काही ठाऊक नव्हते. नगरसेवक मात्र इथलाच. एका संध्याकाळी तो ओटीवर आला.

"बाळाजीशेट, भूमिपूजन ठरलंय. मोठी मोठी माणसं येतील. पण नारळ तुमच्याशिवाय कोण फोडणार?"

"पण ते खणायचं..."

"बघू की. आधी मान, मग काम."

तो गेल्यावर बनूबाईने नवऱ्याकडे पाहिले. "आजवर कुणी शेट म्हटलं होतं तुमाला?"

"मान घरी चालून आलाय."

"तो तुमची सही पुसाया आलाय. नियम तुमीच सांगत फिरता ना गावभर?"

"तो नियम देवाच्या कामाला. हे सरकारी काम."

रघूला खाली बसवताना हा फरक त्याला सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरच्या बाजारातून तयार फेटा घेऊन आला. बनूबाई एवढेच म्हणाली, "आता घोडा तेवढा राहिला."

भूमिपूजनाच्या फलकावर टॉवर आभाळाला टेकला होता आणि खालच्या कोपऱ्यात बाळाजीचा चेहरा बटणाएवढा होता. त्याने नारळ एका घावात फोडला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

मग यंत्रे आली. खणले कुणीच नाही. काँक्रीट अडवायच्या फळ्या थेट शेवटच्या पायरीच्या वर उभ्या राहिल्या. बाळाजी धावत भूपेशकडे गेला. भूपेशने मोबाइल पुढे धरला.

"काका, हे तुम्हीच ना? फेटा भारी दिसतोय. साहेबांनी या फोटोवरच हरकत निकाली काढली."

बाळाजीने गावकी बोलावली. सगळे जमले, पण त्याने घसा साफ करताच कोपऱ्यातून रघू सावकाश म्हणाला, "नारळ कोणी फोडला?"

कुणी हसलेही नाही. बाळाजी खाली बसला.

आता रस्ता ओटीच्या वर हातभर आहे. दारात विटांचा बांध घातलाय. घरात शिरायचे तर तो ओलांडून खाली उतरावे लागते. टॉवरच्या जागी पत्र्याचे कुंपण आणि तोच फलक. बिल्डर म्हणे आता पाण्याच्या लाइनसाठी थांबलाय, आणि पालिका तिचा हिशेब मांडते आहे.

यंदा जत्रेत देवीची पालखी नेहमीप्रमाणे बाळाजीच्या दारी आली. दरवर्षी ती ओटीवर टेकायची. भोयांनी खाली वाकून पाहिले आणि पालखी रस्त्यावरच धरली. बाळाजी बांधावर चढला. हातातला नारळ त्याने रघूपुढे केला.

"यंदा तू फोड."

रघूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको रे बाबा. नारळ कुठलाही असो, या पाण्याच्या लाइनीबद्दल मला अजून बोलायचंय."

बनूबाई आतून, खालून म्हणाली, "फोडा लवकर. तुमाला कुठं काय बोलायचंय?"