चौगुले बाई आणि आम्ही उशिरा आलेले विद्यार्थी

चौगुले बाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलावर, आणि तिथे मी पालक म्हणून उभा होतो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तोफखान्यात पंधरा वर्षं काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो होतो आणि सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून लागलो होतो. आमचं गाव कराडजवळचं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात शिक्षणाला फार मान. पण घरची ओढाताण अशी की दहावी होताच मला भरतीला जावं लागलं. वडील गेल्यावर आई आणि धाकटी बहीण सुनंदा माझ्याकडे राहायला आल्या. सुनंदाला बी.ए.ला घालायचं म्हणून आम्ही दोघं विश्रामबागेतल्या कॉलेजात गेलो.

टेबलामागे भूगोलाच्या प्रा. विमल चौगुले बसल्या होत्या. फॉर्म वाचता वाचता त्या एका जागी थांबल्या. ‘पालकाचे शिक्षण’ या रकान्यात मी ‘माजी सैनिक’ असं लिहिलं होतं.

“ही झाली नोकरी,” बाई म्हणाल्या. “शिक्षण किती?”

“दहावी. आणि सैन्यातली एक परीक्षा दिलीय. ती बारावीच्या बरोबरीची धरतात म्हणे.”

“मग तुमचा फॉर्म कुठाय?”

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. मी म्हणालो, “मॅडम, मला चौतिसावं लागलंय.”

“वय मी विचारलंच नाही. आपलं कॉलेज सकाळचं असतं. तुमची पाळी कधीची?”

“दुपारची.”

“मग अडचण काय?” असं म्हणून त्यांनी दुसरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माजी सैनिकांना शुल्कात सवलत असते, हेही मला त्या टेबलावरच कळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सुनंदाचा चेहरा मात्र पार उतरला. सख्खा भाऊ आपल्याच वर्गात बसणार, मिशांसकट! बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “दादा, तू बस, पण मागं बस.”

मी मागं बसलो, आणि तिथेच सगळं बिनसलं. तोफेच्या आवाजांनी माझा उजवा कान जवळजवळ गेलेला होता. सैन्यात हुकूम मोठ्यानं देतात, त्यामुळे ते कधी फारसं जाणवलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर बसून मला शब्द तुटक ऐकू यायचे. सांगायची लाज वाटायची. पहिल्या सत्राच्या परीक्षेत तीन विषयांत नापास झालो. एक दिवस बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि मी भलतंच उत्तर दिलं. वर्ग हसला. सुनंदानं मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि वर्गाला म्हणाल्या, “आजपासून जागा मी ठरवणार.” त्यांनी पंधरा-वीस जणांना इकडून तिकडे हलवलं. त्या गोंधळात मी पहिल्या बाकावर, भिंतीला उजवा कान लावून बसलो आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्यानंतर वर्षभर बाई फळ्याच्या डाव्या टोकाला, माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला उभ्या राहून शिकवत राहिल्या. याबद्दल त्या माझ्याशी कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. आजही हा लेख वाचून त्या नक्की म्हणतील, “असं काही नव्हतं हो.”

परीक्षेला महिना राहिला असताना कॉलेजात पत्र आलं. सैन्यातल्या त्या परीक्षेला समकक्षता दिल्याची नोंद विद्यापीठाच्या यादीत नाही, सबब माझा प्रवेश रद्द. ऑफिसातल्या कारकुनानं ते मला वाचून दाखवलं. मी निमूट सही केली आणि सायकल काढली. हुकूम आला की तो पाळायचा, ही सवय हाडात मुरलेली. शिवाय खरं सांगायचं तर आतून थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

संध्याकाळी बाई कारखान्याच्या गेटवर हजर. मी गणवेशात, हातात नोंदवही.

“कांबळे, तुम्ही सही केलीत?”

“केली.”

“का?”

“नियम आहे, बाई.”

“नियम नाही. यादीत नाव नाही, एवढंच. यादी माणसांनी केलीय, तिच्यात भर घालता येते.” मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्हाला सोडायचंच असेल तर सोडा. पण ते तुम्ही ठरवा. पत्राला ठरवू देऊ नका.”

त्या वाक्यानं मला उभं केलं असं मी म्हणणार नाही. मी उभाच होतो, ड्यूटीवर. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की मला शिकायचं आहे. सुनंदासाठी नाही, आजोबांसाठीही नाही. मलाच.

पुढचे दहा-बारा दिवस बाईंनी काय केलं ते सुनंदाला जास्त माहीत, कारण ती त्यांना मदतीला होती. आमच्या युनिटच्या शिक्षण-हवालदारांना पत्र घालून त्यांनी सैन्यातल्या परीक्षेचा अभ्यासक्रम मागवला. कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे बारावीचा अभ्यासक्रम आणि उजवीकडे सैन्याचा, विषयागणिक, धड्यागणिक लिहून काढला. उजवीकडे जिथे काही कमी होतं, तिथे ‘येथे कमी आहे’ असं स्वतःच लिहिलं. मी विचारलं, “बाई, हे कशाला दाखवायचं?” त्या म्हणाल्या, “आपण सांगितलं नाही तर ते शोधतील. आणि शोधलं की बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.”

सकाळची एसटी धरून आम्ही विद्यापीठात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी बराच वेळ बसवून ठेवलं. आत गेल्यावर ते म्हणाले, “समितीची बैठक परीक्षेनंतर आहे. तोवर काही करता येणार नाही.” बाईंनी ते कागद पुढे ठेवले. साहेबांनी वरवर चाळले आणि ‘येथे कमी आहे’ या शब्दांपाशी थांबले. मग चष्मा नीट करून पहिल्या पानापासून वाचायला लागले.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. समितीनं नाही म्हटलं तर यांचा निकाल लावू नका. पण पेपर लिहू द्या. वर्ष गेलं तर ते कुणीच परत देऊ शकणार नाही.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही कुठं होता?” मी तोफखाना म्हणून सांगितलं. अर्जावर ‘समितीच्या निर्णयाच्या अधीन राहून’ असा शेरा मारून त्यांनी सही केली. मी पेपर दिले. सुनंदाचा निकाल लागला, माझा राखून ठेवला. पावसाळा संपता संपता समितीचा निर्णय आला: परीक्षा ग्राह्य. मी दुसऱ्या वर्गात पास होतो. मुख्य म्हणजे तो निर्णय एकट्या माझ्यापुरता नव्हता. ती परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला आता ते दार उघडलं होतं.

पण दार उघडलंय हे माणसांना कळायला हवं ना? बाईंनी सवलतींची परिपत्रकं गोळा केली, त्यांचं सरकारी मराठी सोपं करून स्वतःच्या ठसठशीत अक्षरात मोठ्या कागदावर लिहिलं आणि साताऱ्याच्या सैनिकी कॅन्टीनच्या भिंतीवर लावलं. साबण-तेलासाठी रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनरांना त्या स्वतः तो कागद वाचून दाखवत. त्यातूनच आमच्या कॉलेजात रविवारचा वर्ग जमला. शिरवळपासून मिरजेपर्यंतचे, पस्तिशी-चाळिशीतले आम्ही दहा-बाराजण.

त्यांतले सुभेदार आनंदराव जाधव हे कराडहून पॅसेंजरनं येत. वयानं सगळ्यांत मोठे, पन्नाशीला टेकलेले. पहिल्याच दिवशी उभे राहून म्हणाले, “आवं बाई, आमी आता काय शिकनार? नातवंडं हसत्याल. मी आपला बगून जातो.”

बाईंनी त्यांना ‘बसा’ म्हटलं नाही. महाबळेश्वरच्या बाजूचा एक नकाशा टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, “सुभेदारसाहेब, एवढं बघून जा. हा मुलांना समजावताना माझी फार दमछाक होते.” जाधव नकाशावर वाकले. तपकिरी रेषांवरून बोट फिरवत म्हणाले, “ह्ये टेकाड लांबनं सपाट दिसंल बगा, पन ह्या अंगाला रेगा लय दाट हायत. म्हंजी कडा हाय. हितनं मानसं न्हेली तर पडत्याल. ह्या घळीनं न्ह्यावी, पन सकाळी न्हाई. धुकं असतंय.”

बाई वहीत लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, “हेच माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवाल?” पुढच्या महिन्यात जाधव सुभेदार कॉलेजच्या मुलांना नकाशा शिकवत होते, आणि दर रविवारी आमच्याबरोबर बाकावर बसून इंग्रजीची क्रियापदं पाठ करत होते. त्यांची पदवी पुरी झाली नाही. दुसऱ्या वर्षानंतर तब्येतीनं साथ दिली नाही. पण शेवटपर्यंत ते गावात सांगत, “मी कालिजात शिकलोय आन् शिकीवलंय बी.”

बाईंच्या हातून चूक झाली नाही, असं लिहिलं तर त्यांनाच आवडणार नाही. एका प्रजासत्ताक दिनी त्यांनी मला आयत्या वेळी माइकपुढे बोलावलं. “कांबळे सीमेवरचा एखादा अनुभव सांगतील.” मी उभा राहिलो. समोर सगळं कॉलेज. मला माझ्या तोफेवरचा एक सोबती आठवला, आणि पुढे शब्दच फुटेना. तसाच खाली उतरलो आणि घरी आलो. आठवडाभर वर्गाला गेलो नाही.

त्या रविवारी बाई आमच्या दोन खोल्यांच्या घरी आल्या. आईनं चहा ठेवला. बाई खुर्चीवर न बसता आईशेजारी चटईवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. मला तुमचा अभिमान वाटत होता, म्हणून मी तुम्हाला उभं केलं. पण तो अभिमान माझा होता, आणि त्रास तुम्हाला झाला. माफ करा.” प्राध्यापकानं विद्यार्थ्याची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पुढे मी स्वतः मास्तर झालो तेव्हा ती कितीतरी वेळा उपयोगी पडली. त्यानंतर आमच्यापैकी कुणालाही कुणी “लढाईचं काहीतरी सांगा” म्हटलं की बाई मधे पडून म्हणत, “त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील.”

मी बी.ए. झालो, बी.एड. झालो आणि शिरवळच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. सुनंदा बँकेत अधिकारी झाली. रविवारच्या वर्गातला कुणी ग्रामसेवक झाला, कुणी ग्रंथपाल. दोघांनी शेतीच पत्करली. पण आता ते आपले अर्ज आपणच लिहितात आणि गावच्या बायाबापड्यांचेही लिहून देतात. निवृत्तीनंतर बाईंना जे मानपत्र मिळालं, त्यात यातलं काहीच नव्हतं. ‘उत्कृष्ट अध्यापन व शिस्त’ एवढंच होतं. म्हणून हा लेख.

गेल्या दिवाळीत मी विश्रामबागेत बाईंच्या घरी गेलो. गुडघे दुखतात, त्यामुळे बाहेर जाणं कमी झालंय. समोर जत तालुक्यातले सैन्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक नाईक मांडीवर फाईल घेऊन, अवघडून बसले होते. त्यांच्या प्रमाणपत्रात नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि प्रवेश अडला होता. बाईंनी ती फाईल उचलली आणि माझ्या हातात दिली.

“मला आता एसटी झेपत नाही, कांबळे. तुम्ही यांच्याबरोबर जा. आणि तिथं बसवून ठेवलं तरी उठून यायचं नाही.”

मी “हो” म्हणालो. पंधरा वर्षांच्या नोकरीत अनेक हुकूम घेतले, पण इतका आनंद एकाही हुकमानं झाला नव्हता.

आदरणीय बाई, पंचाहत्तरीत पाऊल टाकताना आपले गुडघे हलके व्हावेत, दृष्टी निर्मळ राहावी आणि आपल्याला भरपूर, निरामय आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. त्या नाईकांचं काम अजून व्हायचं आहे. आमच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी येत्या सोमवारी आहे. ते झालं की पेढे घेऊन आम्ही दोघं येऊ. तेव्हा, आणि त्यानंतरही असं कुणाचं काम होईल त्या प्रत्येक वेळी, बेल वाजवल्यावर दार आपणच उघडावं.