दस्ता की ब्रेस

टेबलावर दोन्ही तुकडे मांडले होते, दस्ता आणि ब्रेस. दिनूभाऊ ब्रेसकडे बघायलाही तयार नव्हते.

देहूरोडच्या डेपोत मी बत्तीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. रिटायर झाल्यावर लोणावळ्याजवळच्या एका एअर रायफल रेंजवर लागलो. दिनूभाऊ तिथले इन्स्ट्रक्टर. जवळच्या कान्हे गावचे, माजी सैनिक. मोटरसायकलवरून पडून उजव्या खांद्याचं हाड मोडलं, आत प्लेट बसली. आता त्यांच्यासाठी एक शॉर्ट रायफल तयार करायची होती.

दस्ता म्हणजे रायफलचा मागचा भाग. तो खांद्यात रोवतात, धक्का खांदा सोसतो. ब्रेस पट्ट्याने कोपराखाली बांधतात. भार हातावर येतो, खांदा सुटतो. एअर रायफलचा धक्का तो केवढा, पण प्लेटवर मला तेवढाही नको होता. रेंजच्या मालकांचंही मत ब्रेसलाच होतं.

दिनूभाऊंचं कारण वेगळंच निघालं. वडिलांच्या मागे ज्यांनी त्यांना वाढवलं, ते थोरले भाऊ अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

"आबा, दादाला खांदा द्यायचाय," ते म्हणाले. "तवर ह्याला भाराची सवय लागू द्या."

मी चिडलो. जित्या माणसाच्या तिरडीची तालीम कसली करता, असं फाडकन बोललो आणि ब्रेस बसवून दिला. अगदी मापात. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला अक्कल पाजळायची खोड. दादांना बघायला कान्ह्याला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन बजावलं, वेळ आली तर काकांना खांदा देऊ देऊ नकोस, प्लेट सरकेल.

तीन आठवड्यांनी वेळ आली. तिरडी उचलताना दिनूभाऊ पुढे झाले. पुतण्याच्या हातात मडकं होतं. तिथूनच तो म्हणाला, "काका, तुमी नगा. आबांनी सांगितलंय."

दिनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही.

"मग माझ्या जागी तुमी लागा."

मी लागलो. दादांचं वजन काही उरलंच नव्हतं. ओझं होतं ते बांबूंचं. दिनूभाऊंनी चार पावलं तरी सहज पेललं असतं, आणि त्यांना चार पावलंच तर हवी होती. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, दादांसाठी रडतोय.

तेराव्यानंतर ते रेंजवर आले. ब्रेसचा पट्टा आवळता आवळता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आबा, दादा लय जड लागला का?"

"लय जड," मी म्हणालो.

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि पोरांना शिकवायला गेले.

आर्मररने बंदुकीचं माप घ्यावं. माणसाला किती भार पेलेल, ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.