उत्तराचा घाट

नाना टिपणिसांच्या शब्दाला अख्ख्या कोपरीत किंमत होती. भाडेकरूंचं भांडण असो की कुणाची सोयरीक, नाना बोलले ना, मग झालं, असं लोक म्हणायचे. कचेरीतले साधे कारकून, पण ताठा मामलेदाराचा. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस वाईट होता. वाईट नव्हता हो. वाईट असता तर मी एकदाच्या शिव्या घालून मोकळा झालो असतो.

पण गोष्ट नानांची नाही, त्यांच्या मुलीची, उत्तराची आहे. उत्तरा म्हणजे माझा मित्र हरिहर, त्याची धाकटी बहीण.

हरिहरला आणि मला घाटांचं वेड. रविवारी पहाटे निघायचं, पोळीचा लाडू फडक्यात बांधून. कधी मुरबाडच्या पुढे जाऊन कुणाच्या तरी पडवीत सायकली टाकायच्या आणि दगडी पायऱ्यांनी नाणेघाट चढायचा. वरच्या वाऱ्यात उभं राहिलं की खालचं कोकण पसरलेलं दिसायचं, आणि हरिहर गप्प व्हायचा. एरवी त्या माणसाचं तोंड मिटत नसे. पण त्याचा लाडका घाट कसाऱ्याचा. सायकली गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून कसाऱ्याला उतरायचं, ढकलत ढकलत वर इगतपुरीपर्यंत न्यायच्या, घाटनदेवीला नारळ फोडायचा, आणि मग तो उतार! एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, खाली बोगद्यातून शिटी देत बाहेर पडणारी आगगाडी. वाटायचं की हा संपू नये.

उतारावर नुसत्या ब्रेकांवर विसंबायचं नाही, हे आम्हाला तिथल्या गाडीवानांनी शिकवलेलं. रबर तापतं आणि घसरायला लागतं. म्हणून पानांसकट एक जाडजूड फांदी दोरीने कॅरिअरला बांधायची. ती मागे घासत येते आणि सायकल ताब्यात राहते. धुरळा मात्र असा उडतो की मागच्याने आईबहीण काढावी.

घरी आलं की हरिहर हे सगळं उत्तराला सांगायचा. ती त्याचे धुळीचे कपडे भिजवत ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "दादा, मला कधी नेणार?"

"आधी सायकल तर शिक, बये!"

शिकली की! मिठागरांच्या बांधावर, कोपरीच्या मागे, सकाळच्या वेळी. सायकल पुरुषी, मधे दांडा. पाचवारीत टांग टाकता येईना, तर या पोरीने आईचं, म्हणजे माईंचं, जुनं नऊवारी घेतलं आणि कासोटा घालून बसली. माईंनी डोक्याला हात लावला, पण लुगडं काढून दिलं त्यांनीच. दोनदा चिखलात पडली, एकदा मिठाच्या पाण्यात. गुडघे फुटले, मिठाने झोंबले, आणि ही हसतेय! ते हसणं मला अजून ऐकू येतं. हरिहर म्हणाला, "या हिवाळ्यात तुला कसारा उतरवतो. मी पुढे, तू मधे, विश्राम मागे." विश्राम म्हणजे मी.

तो हिवाळा एकोणपन्नासचा. तिला न्यायच्या आधी रस्ता नीट बघून येऊ म्हणून आम्ही दोघं गेलेलो. उतरताना त्याची दोरी कातळाला घासून तुटली. मागची फांदी सुटलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी बोंब मारली. त्याने ब्रेक दाबले असतीलच, पण सायकल थांबली नाही. वळणावरच्या कठड्यावर आपटून तो खाली गेला. सायकल कठड्याशीच पडून राहिली, चाक जरा वाकलेलं, बाकी धड.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी गेलो. पिंड मांडला, सगळे मागे सरकले. समोरच्या झाडावर कावळे ढिगाने, पण एक खाली येईल तर शपथ. लोक हात जोडून एकेक सांगू लागले. माईंना अंतर देणार नाही. उत्तराचं लग्न थाटात करू. तुझ्या सायकलीला कुणी हात लावणार नाही. छे! ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काहीतरी मनात राहिलंय त्याच्या. घरी कुणाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होतं. मी नानांना सांगितलं. आमच्याकडे बायका दहाव्याला येत नाहीत, तरी माणूस पाठवून उत्तराला आणवली. ती रडत नव्हती. पिंडासमोर उभी राहून म्हणाली, "दादा, मी कसारा उतरेन. तुझ्याच सायकलीवर."

कावळे हलले नाहीत. जाणं तिच्या हातात थोडंच होतं? मग नाना पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "हरिहर, मी नेतो तिला. बाप म्हणून शब्द देतो."

आणि अहो, कावळा आला! आला तो सरळ पिंडावर. "शिवला, शिवला," म्हणून लोक ओरडले, आणि नाना तिथेच मटकन बसून ढसाढसा रडले. कावळ्याबिवळ्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

वर्षश्राद्ध झालं. मी सायकलीचं चाक सरळ करून आणलं, ब्रेकांना नवी रबरं घातली, दोरी जाड घेतली. उत्तरा पुन्हा बांधावर जायला लागली. एक दिवस जाऊन बघतो तर सायकल माळ्यावर, साखळीने बांधलेली.

"लोक बोलायला लागलेत," नाना म्हणाले. "तिचं लग्न व्हायचंय."

"नाना, शब्द दिलाय तुम्ही. चारचौघांत!"

"त्या वेळी काय सुचतं माणसाला? मुलगा गेला तिथे मुलीला पण लोटू?"

बापाच्या पोटातली भीती होती ती, मला कळत होती. पण मी म्हटलं, "मग चालत न्या. हात धरून न्या. पण न्या." तर म्हणाले, "विश्राम, तू परका आहेस. घरातलं घरात राहू दे." मी चपला घातल्या आणि निघालो.

उत्तराला त्यांनी कल्याणला दिली. तिचे यजमान मुकुंदराव, देवमाणूस. पण देवमाणसांचा एक वैताग असतो, ती नाही म्हणत नाहीत. "पुढच्या हिवाळ्यात जाऊ हं," म्हणायचे. मग एकदा सासूबाईंचं दुखणं आलं, एकदा नणंदेचं बाळंतपण, एकदा बदलीची धास्ती. पोरीने संसार नेटका केला. पापड लाटले, सगळ्यांचं केलं, कधी चकार शब्द काढला नाही. फक्त मी गेलो की चहा ठेवता ठेवता विचारायची, "कसाऱ्याला कारवी फुलली का रे या खेपेला?" मी अजून जायचो घाटात, एकटाच. वळणावर थांबायचो. ते तिला सांगायचो नाही, पण तिला कळायचं.

छपन्नच्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. मी गेलो तेव्हा मुकुंदराव कपाळावर पट्ट्या ठेवत होते. नाना पायाशी बसलेले, पार वाळून गेलेले.

"विश्रामदादा," ती म्हणाली, "फांदी आंब्याची बांधू की ऐनाची?"

"ऐनाची. चिवट असते."

"नाना, ऐकलंत ना? ऐनाची."

"हो गं बाळ," नाना म्हणाले. "बरी हो. या हिवाळ्यात नक्की."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहान मूल खोटं बोलताना आपण त्याच्याकडे बघतो ना, तसं पाहिलं. मग कूस वळवली. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.

दहावा कल्याणच्या खाडीवर. पिंड मांडला, सगळे मागे सरकले. इथेही झाड, इथेही कावळे. मुकुंदराव काय काय बोलले, ऐकवेना. कुणीतरी म्हणालं, तिच्या मनात काय होतं ते तिच्या भावाच्या मित्राला विचारा. कशाला विचारायला हवं होतं? नाना आपणहून उठले. वयाने वाकलेले, आयुष्यात सायकलीवर न बसलेले नाना हात जोडून म्हणाले, "उत्तरा, मी उतरतो घाट. उद्याच जातो. तुझी शपथ."

एक कावळा उडाला. आमच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या होडीवर जाऊन बसला.

"जातो गं! ऐनाची फांदी बांधतो. ऐक ना गं!" नाना ओरडत राहिले. म्हाताऱ्या माणसाने असं ओरडू नये, काळजाला घरं पडतात. मीही बोललो. हरिहरची सायकल मी नेईन म्हणालो. काही उपयोग झाला नाही. ऊन डोक्यावर आलं, पिंडावर माश्या बसायला लागल्या.

शेवटी गुरुजींनी अशा वेळी करतात ते केलं. दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं. चला आता." लोक पाय धुऊन निघाले. मुकुंदरावांना कुणीतरी हाताला धरून नेलं.

नाना उठेनात. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी तो दर्भाचा कावळा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"विश्राम, हा खोटा आहे रे."

मला गप्प बसता आलं असतं. बसायला हवं होतं म्हणणारे म्हणोत. "हो नाना," मी म्हणालो. "मागल्या खेपेला खरा आला होता."

त्यांनी तो पुन्हा पिंडापाशी ठेवला. कावळे अजून झाडावरच होते.