ओळंब्याचा हात

ऑफिसात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा गृहस्थ लोखंडी शेडचे नकाशे तपासायचा आणि कागदावरचा खांब जरा जरी कललेला असला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. वागणंही तसंच, सरळ आणि जड. उशीर नाही, रजा नाही, खोटं बोलणं तर नाहीच नाही. अशा माणसाला दुखणं द्यायचं तर नशिबाला दुसरं काही सुचलं नाही. त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

बायकोने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, या थंडीपासून होतंय, थंडी गेली की जाईल. थंडी गेली, उन्हाळा आला, हात काही ऐकेना. डॉक्टरकडे चला म्हणून ती मागे लागली, तर आज उद्या करत त्याने वर्ष ढकललं. डॉक्टर त्या थरथरीला एखादं नाव देईल, आणि एकदा नाव मिळालं की ती कायमची मुक्कामाला येईल, अशी त्याची ठाम समजूत होती. शहाण्या माणसाच्या समजुती कधीकधी अशा असतात, की लहान मुलाने ऐकलं तरी हसावं.

खरी भीती नोकरीची होती. त्याच्याच खात्यातल्या एका जुन्या ड्राफ्ट्समनची नजर अधू झाल्याचं वरच्यांना कळलं, तेव्हा त्याला मोठा पुष्पगुच्छ देऊन, गोड गोड भाषणं करून, महिन्याच्या आत घरी बसवलं होतं. त्या भाषणांना ओळंब्यानेही टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून फुलांचा गुच्छ दिसला की तो तोंड फिरवायचा.

म्हणून त्याने ऑफिसात पहिलं खोटं सांगितलं. गुडघे दुखतात, घरून काम करू द्या. साहेबांनी लगेच होकार दिला, कारण ओळंबा खोटं बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. घरच्या संगणकावरून ऑफिसच्या संगणकात शिरायला व्हीपीएन नावाचा एक बंदिस्त बोळ असतो. त्या बोळातून तो रोज सकाळी आत जाई. काम डोळ्यांचं होतं, डाव्या हाताला सवय नव्हती म्हणून माऊस तो उजव्यानेच, वर डावा दाबून, हळूहळू हलवी, आणि कॅमेऱ्यासमोर मीटिंग असली की उजवा हात मांडीखाली दाबून बसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं चाललं होतं.

मग कंपनीला दुहेरी कुलपाची हुक्की आली. कुठल्याशा दुसऱ्या कंपनीत चोर म्हणे साध्या पासवर्डवर आत शिरले आणि सगळं लुटून गेले. तेव्हा आता नुसता पासवर्ड चालणार नाही. आत येणारा माणूस तोच आहे अशी साक्ष त्याच्या फोननेही द्यायची. ही सगळी व्यवस्था संगणक विभागातल्या एका बाईकडे होती. तिला ऑफिसात कुलूपवाली म्हणत. बोलायला रोखठोक, पण कामाला चोख. तिने सगळ्यांना चित्रांसकट सूचना पाठवल्या आणि वर लिहिलं की हे काम चहा पिता पिता होतं.

ओळंब्याचा चहा गार झाला. पडद्यावरचा काळापांढरा चौकोन फोनच्या कॅमेऱ्यात धरायचा होता, आणि तो चौकोन काही केल्या एका जागी थांबेना. शेवटी बायकोने फोन धरला. पुढे फोनवर सहा आकडे आले, ते संगणकात टाकायचे आणि अर्ध्या मिनिटात ते बदलतात. तीन आकडे नीट पडत, चौथा दोनदा पडे, तो खोडेपर्यंत नवे सहा हजर. असं चारपाचदा झालं आणि दार बंद झालं. त्याने कुलूपवालीला फोन करून चष्मा फुटल्याचं सांगितलं. एका खोट्याला दुसरं खोटं लागतंच.

कुलूपवालीने दुसरी सोय करून दिली. आकडे नकोत, आत शिरताना फोनच विचारील, ‘तुम्हीच आहात का?’ खाली दोन बटणं, होय आणि नाही. डाव्या हातात फोन धरून ओळंब्याने होयकडे बोट नेलं आणि ते नाहीवर पडलं. दुसऱ्या मिनिटाला तिचा फोन आला की काका, नाही दाबलंत म्हणजे दाराशी चोर आहे असं आम्ही धरतो, जरा बघून दाबत जा. त्याने फोन पालथा घातला. आणखी एकदा असं झालं तर ती विचारणारच, की तुमच्या हाताला झालंय तरी काय.

तेव्हा बायको म्हणाली की माझाच फोन लावून टाका, मी दाबत जाईन. ती सकाळच्या वेळी एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसायची. फोन आवाज बंद करून शेजारी ठेवलेला असे. तो थरथरला की ती बघता बघता होय दाबी आणि समोरच्याला पुस्तक देई. हात फार बिघडलेला असला की माऊस भलतीकडे पडे, जोडणी तुटे, पुन्हा आत शिरावं लागे, पुन्हा फोन विचारी. त्यामुळे नवऱ्याचा हात आज कसा आहे हे तिला काउंटरवर बसून कळायचं. एकदाच विचारलं तर दिवस बरा. सारखं विचारत राहिला तर ती मनातल्या मनात म्हणे, आज बिचाऱ्याचे हाल आहेत, आणि भराभर होय दाबत राही.

एके दिवशी दुपारी ती घाईघाईने घरी आली. येताना त्याच्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवीही विकत घेतली होती.

“आज फार त्रास झाला का?” चप्पल काढता काढता तिने विचारलं. “फोन सारखा विचारत होता. मी आपली दाबत राहिले.”

तो खिडकीजवळ वर्तमानपत्र घेऊन बसला होता. “आज मी बसलोच नाही,” तो म्हणाला. “सकाळपासून वीज कुठे आहे?”

दोघांनी एकदम वर पाहिलं. पंखा बंद होता. टेबलावरचा पडदा काळा होता. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि फोन उघडून त्याच्यापुढे धरला. एकाखाली एक होय, होय, होय. प्रत्येक होयच्या खाली बारीक अक्षरात मागणी कुठून आली तेही लिहिलेलं होतं. ते गाव त्या दोघांनी नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

ओळंब्याच्या पायाखालची वाळू सरकली. त्याला दिसायला लागलं की त्याचा पासवर्ड चोरून, त्याचं नाव लावून कुणी एक माणूस या घटकेला त्या बोळातून चालतोय, कपाटं उघडतोय, वर्षानुवर्षांचे नकाशे उचलतोय. शेड कुठे आहेत, दारं कुठे, साहेबांच्या सह्या कुठे, सगळं. उद्या सकाळी सगळ्या पडद्यांवर चोराचं कुलूप लागलेलं असेल आणि शोध घेत लोक येतील ते थेट या घराशी. त्याचा हात आता मांडीखालीही राहीना. डावाही साथ द्यायला लागला.

तिचाही धीर सुटला होता, पण ती बोलत होती. मी सांगते, चूक माझी, माझ्याकडून दाबलं गेलं. तो म्हणाला, मग विचारतील की ऑफिसचं कुलूप तुझ्या फोनवर कसं? फोन हरवला म्हणू? तिने विचारलं. हरवलेला फोन होय दाबत बसत नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही तर? वीज येऊ दे, पासवर्ड बदलू, गप्प बसू. हे त्याने म्हटलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,” ती म्हणाली. “लावा फोन.”

नंबर तिनेच लावला. पलीकडे कुलूपवाली होती. माझ्या नावाने कुणीतरी आत शिरलंय, एवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून निघालं, तेही धड नाही. ती म्हणाली थांबा, आणि मग नुसता कळफलकाचा आवाज येत राहिला. त्या वेळात ओळंबा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि फोन बायकोने त्याच्या कानाशी धरला होता, कारण त्याला तो धरवत नव्हता.

आवाज थांबला. कुलूपवालीने चोराला बाहेर काढलं होतं. काही नकाशे गेले होते, पण आणखी तासाभराने सगळंच गेलं असतं, असं ती म्हणाली. काका, फोन केलात हे बरं केलंत. मग तिचा स्वर बदलला. चुकून एकदा होय दाबलं गेलं तर मी समजू शकते, पण इथे तर रांगच लागलीय, तो एकेका नव्या संगणकावरून शिरत होता. एवढ्या वेळा विचारणा आल्यावर कुणालाही शंका येते. तुम्हाला कशी आली नाही? मला साहेबांना हे लिहून द्यायचंय.

ओळंब्याला तो पुष्पगुच्छ दिसला, सेलोफेनच्या कागदासकट. चष्मा, गुडघे, जे काही खोटं शिल्लक होतं ते जिभेवर येऊन गेलं. बायकोने फोन धरलेला हात हलू दिला नाही.

“मी दाबलंच नाही,” तो म्हणाला. “माझी बायको दाबते. तिला वाटलं, माझ्या हातानेच घोळ होतोय. माझा हात थरथरतो. मला ते आकडे टाकता येत नाहीत. बटणही दाबता येत नाही.”

पलीकडे एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, की काका, माझ्या कपाटात नुसतं बोट टेकवायच्या किल्ल्या पडून आहेत. संगणकाला लावायच्या, वर बोट ठेवायचं, ते थरथरलं तरी चालतं. कुणी मागितल्याच नाहीत. साहेब काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही, जे घडलं ते मला लिहावंच लागेल. पण किल्लीही हवी असं मी त्यात लिहीन. फक्त एक सांगा, हे कधीपासून आहे?

बायकोला उत्तर माहीत होतं. तो सांगायचा त्या थंडीपासून. तिने ओठही हलवले.

“नात झाली तेव्हापासून,” ओळंबा म्हणाला. “दवाखान्यात तिला माझ्या हातात द्यायला आले. हात तेव्हाच थरथरत होता. मी मागे सरलो.”

नात आता शाळेत जात होती. आजोबांनी तिला आजवर एकदाही उचललं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोने त्याला दगड म्हटलं होतं, पुढेही पुष्कळदा म्हटलं होतं, लेकीसमोरसुद्धा. तो ऐकून घ्यायचा.

बायकोने फोन बंद केला आणि तशीच उभी राहिली. “मी दगड म्हणत होते तुम्हाला,” ती म्हणाली. “तेव्हा तरी सांगायचंत.”

“दगडच बरा वाटत होता,” तो म्हणाला. “दगडाच्या हातून पोर खाली पडत नाही.”